शपथ आणि सोबत

आमच्या वाडीत एक फुलबागाईतदार होते. मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने ते दादरच्या फुलबाजारात जात आणि दुपारी परतताना बहुधा कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊनच वाडीत शिरत. माणूस कामाला वाघ, मनाने हळवा. संध्याकाळच्या जपमाळेत त्यांचा आवाज सर्वांच्या वर असे. दरवर्षी उपवासकाळात ते क्रूसापुढे गुडघे टेकून दारू सोडण्याची शपथ घेत. बहुतेक वर्षी ती ईस्टरपर्यंत टिके. एका वर्षी पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत टिकली, तेव्हा त्यांच्या पत्नीने मिस्सा सांगितली होती. मग एखाद्या लग्नाच्या मांडवात शपथ मोडे आणि वाडीतली माणसे म्हणत, ''देवाला दिलेला शब्दसुद्धा पाळता येत नाही!'' पुढल्या उपवासकाळात ते पुन्हा क्रूसापुढे येत; शपथ तीच, आवाज मात्र अधिक मोठा. १९७९ साली यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

त्या माणसाच्या श्रद्धेविषयी आम्हाला कधीच शंका नव्हती. प्रश्न पडला तो वेगळा. व्यसनाच्या खाईत सापडलेल्या श्रद्धावंताला देण्यासाठी आपल्या धर्मजीवनात शपथेवाचून दुसरे काही नव्हते काय? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही जुन्या ग्रंथांकडे वळलो, तेव्हा पहिली वाट आयर्लंडकडे गेली. आपल्यासारखीच शेतकरी, सश्रद्ध, पाहुणचारात हात आखडता न घेणारी कॅथलिक प्रजा तेथे आहे आणि तिच्या वाट्याला हे दुःखही आपल्यासारखेच आले.

फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांचा जन्म १७९० साली टिपररी परगण्यात झाला. मेनूथच्या सेमिनरीत शिकत असताना नियम मोडून सोबत्यांना मेजवानी दिल्यामुळे त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. (त्या मेजवानीत काय काय वाढले होते, हे शोधण्याचा मोह आम्ही आवरला.) पुढे ते कॅपुचिन संघात आले, धर्मगुरू झाले आणि कॉर्क शहराच्या गरीब वस्तीत त्यांनी आपले आयुष्य घातले. गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालवल्या, दफनासाठी जागा नसलेल्यांकरता स्मशानभूमी उभारली. शहरातल्या अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहाच्या मंडळावर ते होते. त्याच मंडळावर विल्यम मार्टिन नावाचे क्वेकर पंथाचे एक गृहस्थ होते. मद्यत्यागाच्या संस्था कॉर्कमध्ये तोवर निघाल्या होत्या, परंतु त्या प्रॉटेस्टंटांच्या. कॅथलिक प्रजा त्यांच्याकडे फिरकत नसे. ही माणसे तुमचेच ऐकतील, असे मार्टिन फादरांना पुन्हा पुन्हा सांगत. अखेर १० एप्रिल १८३८ रोजी देवाचे नाव घेऊन फादर मॅथ्यू यांनी पूर्ण मद्यत्यागाच्या वहीत स्वतःची सही केली.

पुढे जे घडले त्याला युरोपच्या इतिहासात तोड नसावी. पूर्वी घोड्यांची खरेदी-विक्री जेथे चाले, अशा एका आवारात कॉर्कच्या सभा भरू लागल्या. माणसे दूरदूरच्या खेड्यांतून पायी येत, जथ्याजथ्याने गुडघे टेकीत, फादरांच्या मागून शपथेचे शब्द उच्चारीत, आशीर्वाद घेत आणि गळ्यात पदक घालून परत जात. आपल्याकडे वारकरी माळ घालतो, तसेच काहीसे हे होते. एकदा पदक गळ्यात पडले की माणूस समाजाच्या डोळ्यांत निराळा होई. १८३९ च्या डिसेंबरात ते लिमरिकला गेले, तेव्हा तर शहराला ती गर्दी सामावेना. १८४१ च्या शिरगणतीप्रमाणे आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती आणि त्या दशकाच्या पूर्वार्धात प्रौढ प्रजेपैकी निम्म्या माणसांनी शपथ घेतली होती, असा अंदाज केला जातो. व्हिस्कीचा खप काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आला. गावोगाव वाचनगृहे निघाली, वाद्यवृंद निघाले.

आणि मग ते ओसरले. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडच्या इतिहासातला सर्वांत भीषण दुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. फादर मॅथ्यू कॉर्कमध्ये भुकेल्यांना अन्न पुरवण्याच्या कामात बुडून गेले. गरिबांना पदके फुकट वाटण्यापायी त्यांच्यावर कर्जाचा डोंगर झाला होता. १८४८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठून ते अमेरिकेला गेले, दोन वर्षे तेथे शपथा देत फिरले आणि ८ डिसेंबर १८५६ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, निवर्तले. तोवर चळवळ फार क्षीण झाली होती.

दुष्काळाने चळवळ मारली, असे म्हणणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. उपाशी, उद्ध्वस्त माणसाला पदकाने किती आधार द्यावा? तरीही आम्हाला वाटते की दोष मुळातही होता. शपथ घेणारा गर्दीत गुडघे टेकीत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कापू लागले, घशाला कोरड पडली, म्हणजे त्याच्यापाशी कोण असे? चळवळीला बांधीव यंत्रणा अशी नव्हतीच. सारे काही एका पुण्यशील माणसाच्या शब्दावर उभे होते. काही बिशपांनाही ही चळवळ पूर्णपणे मानवली नव्हती आणि त्यामागे केवळ हेवा नव्हता. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी पाप मानलेले नाही. काना गावच्या लग्नातला पहिला चमत्कार आपल्याला ठाऊक आहे आणि वेदीवर रोज तोच द्राक्षारस वापरला जातो. दारू हेच मूर्तिमंत पाप, ही भाषा कॅथलिक कानांना परकी वाटे. मद्य पाप नाही पण या विशिष्ट माणसाला त्याचा एक थेंबही चालत नाही, हे नीट सांगता येण्यासाठी आणखी बराच काळ जावा लागणार होता.

फादर मॅथ्यू ज्या वर्षी गेले, त्याच वर्षी, २ मे १८५६ रोजी, डब्लिनच्या एका गरीब वस्तीत मॅट टॅलबट जन्मले. बारा भावंडांपैकी दुसरे. वडील गोदी कामगार व मोठे पिणारे. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलाला नोकरी लागली ती मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे! परत आलेल्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेले थेंब चाखता चाखता त्याला चटक लागली. पुढली नोकरी मिळाली तीही व्हिस्कीच्या गोदामातच. सोळाव्या वर्षी तो पक्का दारुडा होता. मजुरी मिळे ती सरळ गुत्त्यात जाई; पैसे संपले की बूटसुद्धा विकले जात. रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे वाद्य त्याने आणि सोबत्यांनी चोरले आणि त्याची दारू करून प्याले. ही चोरी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१८८४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, एका शनिवारी खिसा रिकामा असताना मॅट गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहिला. आजवर ज्यांना आपण पाजले त्यांपैकी कोणीतरी आज आपल्याला आत नेईल, ही अपेक्षा. एकेक सोबती समोरून गेला. कोणीही थांबले नाही. मॅट घरी परतला. इतक्या लवकर आणि शुद्धीवर घरी आलेला मुलगा पाहून आईला नवल वाटले. शपथ घ्यायला जातो, असे त्याने सांगितले. पाळायची असेल तरच घे, नाहीतर घेऊ नकोस, असे ती माउली म्हणाली आणि देवाचे नाव घेऊन तिने त्याला वाटेला लावले. क्लॉनलिफच्या होली क्रॉस कॉलेजमध्ये जाऊन त्याने कुमसार केला आणि शपथ घेतली. आजन्म नव्हे, फक्त तीन महिन्यांची. तीन महिने संपले की पुन्हा पिऊ, असेच त्याच्या मनात येत असे, असे म्हणतात. ते संपले तेव्हा त्याने मुदत वाढवली आणि पुढे आयुष्यभराची केली.

मॅट टॅलबट यांचे नाव निघाले की लोकांना प्रथम आठवतात त्या साखळ्या. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जात असताना ग्रॅन्बी लेन नावाच्या गल्लीत ते कोसळले आणि मरण पावले. इस्पितळात देहावरचे कपडे काढताना प्रायश्चित्तासाठी बांधलेल्या साखळ्या सापडल्या. पुढल्या वर्षी सर जोसेफ ग्लिन यांनी त्यांचे छोटे चरित्र लिहिले आणि हा अनामिक मजूर जगाला माहीत झाला. लाकडी फळीवर झोप, उशीला लाकडाचा ठोकळा, अखंड उपवास, या कठोर गोष्टींपुढे नतमस्तक व्हावे हे खरे. परंतु आमच्या मते त्यांच्या सुटकेचे रहस्य साखळ्यांत नाही. ते त्या पहिल्या काही महिन्यांतल्या अगदी साध्या व्यवस्थेत आहे.

मजुराच्या दिवसात धोक्याची वेळ असते ती संध्याकाळची. काम सुटले, अंग थकले, सोबती गुत्त्याकडे वळले. आता जायचे कोठे? मॅट यांनी तो वेळ चर्चमध्ये घालवायला सुरुवात केली. एका संध्याकाळी तेवढेही जमले नाही आणि पाय गुत्त्यात शिरले. नित्याच्या गिऱ्हाइकांची गडबड चालू होती. या नव्या माणसाकडे कोणी लक्षच दिले नाही. काही वेळ ताटकळून ते बाहेर पडले, येशूसंघीयांच्या चर्चमध्ये गेले आणि दार बंद होईपर्यंत तेथे बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी खिशात पैसे घेऊन बाहेर पडणे सोडले. सकाळी पाचच्या मिस्सेने दिवस सुरू करायचा, संध्याकाळ वेदीसमोर काढायची, खिसा रिकामा ठेवायचा. श्रद्धेला त्यांनी असे वेळापत्रक दिले. घरी आई होती, कुमसाराला धर्मगुरू होते. १८९० साली ते संत फ्रान्सिसच्या तृतीय संघात दाखल झाले. गुत्त्यांची जुनी उधारी त्यांनी फेडली. ज्याचे वाद्य चोरले होते त्या फिडलवाल्याला ते वर्षानुवर्षे डब्लिनभर शोधत राहिले. तो काही सापडला नाही, तेव्हा ते पैसे त्यांनी त्याच्या नावाने मिस्सा सांगण्यासाठी दिले.

आणखी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. ज्याला दारू सुटत नाही त्याच्याशी कधीही कठोर होऊ नका, असे ते सांगत. दारू सोडणे मेलेल्याला उठवण्याइतकेच कठीण आहे, मात्र प्रभूला दोन्ही शक्य आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय असे. चाळीस वर्षे दारूला न शिवलेला माणूस हे म्हणतो! वाडीत आम्ही जे बोलत होतो ते याच्या नेमके उलट होते. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली मॅट टॅलबट यांना 'वंदनीय' ही पदवी दिली.

डब्लिनच्या ज्या गार्डिनर स्ट्रीट चर्चमध्ये मॅट मिस्सेला जात, तेथेच २८ डिसेंबर १८९८ रोजी येशूसंघीय धर्मगुरू जेम्स कलन यांनी चार स्त्रियांना घेऊन 'पायोनियर' संघाची स्थापना केली. येशूच्या पवित्र हृदयाचे छोटे चिन्ह छातीवर लावायचे, स्वतः आजन्म मद्य घ्यायचे नाही आणि तो त्याग पिणाऱ्यांच्या सुटकेसाठी पवित्र हृदयाला अर्पण करायचा, अशी त्यामागची कल्पना. पिणाऱ्याचे ओझे न पिणाऱ्याने उचलायचे, ही दृष्टी फार उदात्त आहे आणि तिची सुरुवात स्त्रियांपासून व्हावी यात नवल नाही. दारूचे चटके अधिक कोणाला बसतात हे फादर कलन यांना दिसत होते. तरी पायोनियर एका बाकावर आणि दारुडा दुसऱ्या बाकावर, हे अंतर उरलेच.

ते अंतर मिटले अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गावी, आणि ते मिटवणारे दोघेही कॅथलिक नव्हते. न्यू यॉर्कचे बिल विल्सन दारू सोडून काही महिनेच झाले होते. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी ते अ‍ॅक्रनला आले. काम फिसकटले, हॉटेलमधल्या बारचा आवाज कानी येऊ लागला आणि आपण आता घसरणार हे त्यांना कळले. हॉटेलातल्या चर्चच्या यादीवरून त्यांनी एका पाळकाला टेलिफोन केला: मला दुसरा एखादा दारुडा भेटवा. उपदेशक नको, डॉक्टर नको. स्वतः वाचण्यासाठी त्यांना दुसरा दारुडा हवा होता. मातृदिनी, १२ मे रोजी, त्यांची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांच्याशी घालून देण्यात आली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, ते सहा तासांवर बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानला जातो आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' अर्थात ए. ए. चा स्थापनादिन.

सुरुवातीला ही मंडळी 'ऑक्सफर्ड ग्रूप' या प्रॉटेस्टंट वळणाच्या चळवळीत होती. तेथे सर्वांसमक्ष पापांची कबुली देण्याची रीत होती. शेजारच्या क्लीव्हलँड शहरातले कॅथलिक दारुडे या सभांना येऊ लागले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना अडवले. कुमसाराचा संस्कार असलेल्या माणसाने दुसऱ्या पंथाच्या सभेत पापनिवेदन करायचे, हे त्यांना पटणारे नव्हते. पेच मोठा होता. दारू सोडवणारी जागा सापडली होती आणि धर्म तेथे जाऊ देत नव्हता. तेव्हा क्लॅरेन्स स्नायडर यांनी मे १९३९ मध्ये क्लीव्हलँडच्या मंडळींची वेगळी सभा सुरू केली. ऑक्सफर्ड ग्रूपपासून अलग होऊन ए. ए. हे नाव घेणारी ती पहिली सभा समजली जाते. म्हणजे ए. ए. सर्व धर्मांच्या माणसांना मोकळी झाली, त्याला कॅथलिकांची अडचण काही अंशी कारण झाली. अडवणाऱ्या धर्मगुरूंच्या हातून नकळत हे एक सत्कार्य घडले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी या कथेत एक धर्मभगिनी आली. सिस्टर इग्नेशिया गॅव्हिन यांचा जन्म १८८९ चा, आयर्लंडच्या मेयो परगण्यातला. लहानपणीच त्या आईवडिलांबरोबर क्लीव्हलँडला आल्या. १९१४ साली त्या संत ऑगस्टीनच्या दयाभगिनींच्या संघात गेल्या. त्या संगीत शिकवीत. कामाच्या ताणाने त्यांची प्रकृती पार खचली, मन आणि शरीर दोन्ही कोलमडले, आणि संगीत सोडावे लागले. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांना रुग्णांची भरती करून घेण्याचे काम देण्यात आले. अंगाने काडीसारख्या, आवाजाने मृदू. कोलमडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या काळी दारुड्याला इस्पितळात खाट मिळत नसे. तो आजारी मानलाच जात नसे. धिंगाणा करील, पैसे बुडवील, म्हणून दारातूनच परत पाठवला जाई. १६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉक्टर स्मिथ यांनी सिस्टरांकडे आपल्या एका रुग्णासाठी खाट मागितली. सिस्टरांनी नोंदवहीत 'पोटाचा तीव्र दाह' असे लिहून त्याला दाखल करून घेतले. (हे असत्य होते की दया, याचा निवाडा आम्ही नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवतो.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची आणखी एक मागणी आली. या माणसाला भेटायला काही मित्र येणार आहेत, त्यांना मोकळेपणाने बोलता येईल अशी वेगळी जागा हवी. इस्पितळात वेगळी खोली शिल्लक नव्हती. होती ती एकच, रुग्णांसाठी आलेली फुले जेथे लावून ठेवीत ती लहानशी खोली. सिस्टरांनी खाट तेथे सरकवली. आलेले मित्र म्हणजे दारू सोडलेले दारुडेच होते. एकेकाने खाटेशेजारी बसून आपापली कहाणी सांगितली.

त्या फुलांच्या खोलीतून पुढे स्वतंत्र कक्ष उभा राहिला. तेथून इस्पितळाच्या चॅपेलच्या सज्जात जाता येई. अंगावर झगा घातलेले रुग्ण, कॅथलिक असोत वा नसोत, तेथे जाऊन बसत. पाच दिवसांचा मुक्काम. रुग्णाला घेऊन येणारा, त्याची हमी घेणारा ए. ए. चा एक जुना सभासद असलाच पाहिजे, ही अट. रुग्ण घरी निघाला की सिस्टर त्याच्या हातात पवित्र हृदयाचे एक छोटे चिन्ह ठेवीत आणि वचन घेत. पण वचन कोणते? पुन्हा कधी पिणार नाही, असे नव्हे. पहिला पेला उचलण्याआधी हे चिन्ह मला परत आणून दे, एवढेच. आमच्या मते फादर मॅथ्यूंच्या पदकात आणि सिस्टर इग्नेशियांच्या चिन्हात शंभर वर्षांचे अंतर आहे ते याच ठिकाणी. पदक म्हणत होते, तू शब्द दिला आहेस. चिन्ह म्हणत होते, मोडण्याच्या क्षणी माझ्याकडे ये, मी इथेच आहे.

डॉक्टर स्मिथ १९५० साली वारले. तोवर दोघांनी मिळून सुमारे पाच हजार रुग्णांची सेवा केली होती. १९५२ मध्ये सिस्टरांची बदली क्लीव्हलँडच्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात झाली आणि तेथे त्यांनी 'रोझरी हॉल सोलॅरियम' हा कक्ष उघडला. या नावाची आद्याक्षरे रॉबर्ट होल्ब्रूक स्मिथ या डॉक्टरांच्या नावाचीही आद्याक्षरे आहेत. १ एप्रिल १९६६ रोजी सिस्टर देवाघरी गेल्या.

याच सुमाराचा दुसरा एक प्रसंग येथे सांगायलाच हवा. १९४० च्या अखेरीची न्यू यॉर्कमधली एक वादळी रात्र. बिल विल्सन तेव्हा मनाने फार खचले होते. ए. ए. च्या क्लबच्या माडीवर ते पडले असता कोणी लंगडत जिना चढून आले. रात्रीचा आसरा मागायला आलेला आणखी एक दारुडा असावा, असे त्यांना वाटले. कोट काढल्यावर धर्मगुरूची कॉलर दिसली. ते होते सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग. संधिवाताने त्यांचे शरीर जखडलेले होते. ते स्वतः मद्यपी नव्हते. ए. ए. चे पुस्तक वाचून त्यातल्या बारा पायऱ्यांचे संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी असलेले साम्य त्यांना जाणवले होते आणि तेच विचारायला ते आले होते. विल्सन यांना त्या साधनेची काहीच माहिती नव्हती! दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. ही मैत्री १९६० साली फादरांच्या मृत्यूपर्यंत टिकली. पुढे विल्सन काही काळ फुल्टन शीन यांच्याकडे कॅथलिक श्रद्धेचे शिक्षण घ्यायला जात. मात्र ते कॅथलिक झाले नाहीत.

हे साम्य आपल्या घरातल्या कोणालाही पटेल. आपण स्वतः असमर्थ आहोत हे मान्य करून देवाच्या हाती आयुष्य सोपवणे, सद्सद्विवेकाची तपासणी करणे, दुसऱ्या माणसापुढे दोष उघड करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, रोज प्रार्थना करणे, आणि मिळालेले दुसऱ्यापर्यंत नेणे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत आपण मुलांना शिकवतो ते यात बरेचसे आले. मॅट टॅलबट फिडलवाल्याला शोधत हिंडले, ते या पायऱ्या लिहिल्या जाण्याच्या कितीतरी आधी. फरक एवढाच की मॅट एकटे हिंडले, ए. ए. मध्ये बरोबर कोणीतरी असते.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. दुकाने बंद झाली, पण पिणे थांबले नाही. हातभट्ट्या वाढल्या आणि काही ख्रिस्ती वस्त्यांतल्या घरांतून चोरटे गुत्ते चालू लागले. त्यांतले कित्येक चालवणाऱ्या बायकांना पोट भरण्याचा दुसरा मार्ग नव्हता. हिंदी चित्रपटांनी हे नेमके टिपले आणि ख्रिस्ती माणूस म्हटला की हातात बाटली, हे चित्र देशभर केले. आपण त्या चित्रावर रागावलो, निषेधाची पत्रे लिहिली. घरातली बाटली मात्र पाहुण्यांच्या नजरेआड ठेवली.

१९५७ साली मुंबईत ए. ए. च्या सभेला आरंभ झाला. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा' ही संस्था सुरू केली. बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शिष्याने बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. संस्थेची केंद्रे पुढे देशात अनेक ठिकाणी निघाली, वसईतही निघाले. २००९ साली फादरांना पद्मश्री मिळाली. 'कृपा' या नावाची निवड आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. शपथ माणूस घेतो, कृपा मिळते.

इतिहासाचा हा धागा हाती लागल्यावर आम्ही वर्षांचा मेळ घालून पाहिला. आमच्या वाडीतले ते फुलबागाईतदार १९७९ साली गेले. मुंबईत ए. ए. ला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. दादरला तर ते रोज जात होते. त्यांना हे सांगणारे कोणी नव्हते, कारण आमच्यापैकी कोणाला ते माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. दारू हा आजार असू शकतो हे आम्ही मानीत नव्हतो. त्यांच्यासाठी मिस्सा सांगायला आम्ही तयार होतो, त्यांच्या शेजारी बसायला नव्हतो.

त्यांच्या पत्नी पुढे बरीच वर्षे हयात होत्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांचा धाकटा मुलगा सभेला जाऊ लागला. बापाचे दुखणे त्याच्याही अंगात उतरले होते. पॅरिशच्या शाळेतला एक वर्ग सभेसाठी मिळतो. त्या सभेत कोणी आडनाव सांगत नाही. तो दारुडा आहे एवढे तो स्वतःच सांगतो आणि बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. त्याच्या निमंत्रणावरून आम्ही एकदा तेथील खुल्या सभेला गेलो होतो. बाके लहान मुलांची असल्यामुळे मोठ्या माणसांना गुडघे दुमडून बसावे लागते. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात चहाचा थर्मास. एक गृहस्थ दोन वर्षांनी पुन्हा घसरून त्या आठवड्यात परत आले होते. कोणी त्यांना शब्दाविषयी विचारले नाही. शेजारच्याने सरकून जागा करून दिली. सभा संपल्यावर सर्वांनी मिळून बाके पुन्हा ओळीत लावली, कप धुतले आणि फळा पुसला. सकाळी तेथे पहिलीचा वर्ग भरतो.